पाय धरायला माणूस हवा

मी एक जुनी, बुटकी लाकडी खुर्ची आहे, मित्रांनो. माझी उंची जेमतेम दीड वीत. मोठी माणसं मला पाहिलं की आधी हसतात आणि मग 'किती गोड!' म्हणतात. गोड म्हणवून घेण्याचा मला आता कंटाळा आला आहे. माझ्या मागच्या डाव्या पायाला एक लांब चीर आहे. ती सांधलेली आहे, पण बोट फिरवलंत तर हाताला लागते. त्या चिरेची ही हकिगत. ती शांतपणे सांगावी असं मी ठरवलं होतं, पण ते जमेलसं दिसत नाही, कारण माझा राग अजून गेलेला नाही.

आमच्या मंडळीचं प्रार्थनाघर बांधलं, तेव्हा मोठ्यांसाठी लांब बाक केले गेले. त्या बाकांतून उरलेल्या लाकडाच्या सुतारकाकांनी बारा छोट्या खुर्च्या केल्या, रविवारच्या शाळेतल्या मुलांसाठी. मी त्यांतली सातवी. माझ्या बैठकीच्या खाली निळ्या रंगात सातचा आकडा आहे. सुतारकाका तेव्हा ऐन तिशीत होते. त्यांनी माझ्या कडा इतक्या घासल्या की कुणाच्या मांडीला कुसळ म्हणून लागू नये. तेव्हाचे पाळकसाहेब आम्हाला बघायला आले आणि म्हणाले, "अहो, फार ठेंगण्या झाल्या. दोन-तीन वर्षांत पोरांना पुरणार नाहीत."

"मग उठतील की," सुतारकाका म्हणाले. "उठायलाच केल्यात."

मला ते बोलणं मुळीच आवडलं नाही. जन्माला येऊन चार दिवस झाले नाहीत तोच कुणी आपल्याला सोडून जायची गोष्ट काढावी, हे कुणाला आवडेल?

पण तीच पुढे आमची रीत झाली. दरवर्षी एका रविवारी सगळी मुलं टेबलाशी बसायची आणि बाई खाली वाकून बघायच्या. ज्याचे गुडघे टेबलाच्या फळीला लागले, त्याने उठायचं, आपली खुर्ची स्वतः उचलायची, वर्गातल्या सगळ्यांत नव्या मुलापाशी नेऊन ठेवायची आणि त्याला तिच्यावर बसवायचं. मग जिना चढून वरच्या वर्गात जायचं. याला आमच्याकडे 'खुर्ची देणं' म्हणत. बाहेरच्या जगात खुर्ची न सोडणारे पुढारी असतात, तसले अर्थ इथे लावू नका. आमच्या मंडळीत मोठ्या माणसांच्या बोलण्यातही तो शब्द रुळला होता. दोन जावा सात वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. एक आजारी पडली, तर दुसरी न बोलावता गेली आणि तिचं अंथरूण बदलून आली. लोक म्हणाले, "हिने खुर्ची दिली हं शेवटी." आणि एक गृहस्थ आपली नेहमीची जागा दुसऱ्याने घेतली म्हणून प्रार्थना अर्धी टाकून निघून गेले, तेव्हा त्यांच्या बायकोनेच कपाळावर हात मारला, "यांनी अजून खुर्ची दिलेली नाही."

माझ्यावर बसलेली पहिली तीन मुलं अशीच मला देऊन वर गेली. प्रत्येक वेळी मला फसवल्यासारखं वाटलं. तिसरी तर एक शेंबडी मुलगी होती. मला मिठी मारून रडली, आणि पुढच्या रविवारी माझ्याकडे ढुंकूनही न बघता धाडधाड जिना चढली. मी मनात म्हटलं, गरज सरो, वैद्य मरो.

मग तो आला. सहा वर्षांचा, किडकिडीत, मोठाल्या कानांचा. पाठांतरात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. शास्त्रातलं वचन एकदा ऐकलं की अध्याय आणि आकड्यासकट तोंडपाठ. वचन पाठ झालं की बाई मुलाच्या कार्डावर ताऱ्याचा शिक्का मारायच्या. इतरांची कार्डं वर्षभर पुरायची, याचं तीन महिन्यांत भरायचं. पाहुणे आले की त्याला माझ्यावर उभं करायचे आणि तो घडाघडा म्हणायचा. टाळ्या पडायच्या. आठव्या वर्षीच त्याचं नाव 'वचनमास्तर' पडलं. त्या टाळ्यांतल्या थोड्या माझ्याही वाट्याच्या आहेत, असं मला वाटायचं.

नवव्या वर्षी त्याचे गुडघे फळीला लागले. त्याने मला एका नव्या मुलीला दिलं आणि तो वर गेला. तिसऱ्याच रविवारी तो डोळे पुसत खाली आला. वरच्या वर्गाच्या बाईंनी त्याला विचारलं होतं, "शत्रूवर प्रेम करायचं वचन तुला पाठ आहे ना? मग या आठवड्यात कुणावर केलंस?" याने अध्याय सांगितला, आकडा सांगितला. बाई म्हणाल्या, "बाळ, पत्ता बरोबर आहे. पण त्या घरात गेलास का, ते सांग."

वरच्या वर्गात तारे मिळत नव्हते. म्हणून तो आमच्या बाईंना 'मदत' करायला खाली आला, त्या नव्या मुलीला दुसऱ्या खुर्चीवर बसवून पुन्हा माझ्यावर बसला, आणि मित्रांनो, तो कायमचाच खाली राहिला.

आता खरं सांगते. मला तेव्हा गुदगुल्या झाल्या. सगळ्यांची मुलं जातात, माझं मूल परत आलं! शेजारच्या सहा नंबरच्या खुर्चीपुढे मी किती मिरवले, ते विचारू नका.

वर्षं गेली. तो पोस्टात कारकून झाला. लग्न झालं, केस विरळ झाले, पोट सुटलं. जुन्या बाई गेल्या आणि खालचा वर्ग त्याच्याकडे आला. आता तारे तोच मारायचा. दर रविवारी तो माझ्यावर बसे, गुडघे कानाशी आणि मी खाली करकरतेय. बघणारे कौतुकाने म्हणत, "एवढा मोठा माणूस, पण मुलांत मूल होतो!" मीही तेच म्हणत होते. पण मुलांत मूल होणं वेगळं आणि मूलच राहणं वेगळं, हे मला कळायला माझा पाय मोडावा लागला. बाळाने दूध प्यावं, त्यातच त्याची वाढ आहे. पण पंचेचाळिशीचा माणूस ताटातलं अन्न सरकवून बाटलीच मागू लागला, तर त्याला कुणी गोड म्हणणार नाही. त्याच्या बाबतीत मात्र सगळे म्हणत राहिले. कुणी आजारी असलं की तो वर्गातल्या मुलांकडून कार्ड करून पाठवायचा, त्यावर एक वचन आणि एक तारा. स्वतः जायचा नाही. मंडळीत कुणाचं भांडण झालं की तो दोन्हीकडच्यांना एकेक वचन सांगायचा आणि घरी जायचा. मी हे सगळं बघत होते आणि त्याची बाजू घेत होते. आईच्या मायेने म्हणा, किंवा स्वार्थाने म्हणा.

त्याच्या वर्गात सहा वर्षांची एक मुलगी होती. तिची आई कपडे शिवायची. मुलगी खुर्ची मागच्या दोन पायांवर झुलवत बसायची, म्हणून मुलांनी तिचं नाव 'झोकेबाई' ठेवलं होतं. पाठांतरात ढ, पण कुणाची पेन्सिल पडली की टेबलाखाली शिरणारी पहिली.

तो रविवार मला विसरता येत नाही. प्रार्थना संपली होती, पण मुलं अजून मोठ्यांबरोबरच होती. आताचे पाळकसाहेब मास्तरांना घेऊन आमच्या वर्गात आले. "मास्तर, या वर्षीपासून खालचा वर्ग दुसरं कुणीतरी घेईल," ते म्हणाले. "तुम्ही माझ्याबरोबर आजाऱ्यांच्या भेटीला चला. सुतारकाका तीन महिने घरातच आहेत. तुमची आठवण काढतात."

"साहेब, मला तिथे काय बोलावं ते सुचत नाही."

"बोलू नका. नुसते बसा."

"माझं काम मुलांत आहे. प्रभूने मला तेच दिलंय."

पाळकसाहेब दाराकडे वळले. "रागावू नका, मास्तर, पण तुम्ही आता खुर्ची द्यायला हवी." एवढं बोलून ते गेले.

मास्तरांचे कान लाल झाले. ते माझ्यावर धपकन बसले आणि हातांची घडी घालून, सगळा भार टाकून मागे रेलले. माझ्या डाव्या पायातून कडाड आवाज आला. पुढच्या क्षणी मास्तर जमिनीवर उताणे होते आणि मी त्यांच्या पाठीखाली.

दारात झोकेबाई उभी होती. ती सगळ्यांच्या आधी पळत आली होती. तिला खुदकन हसू फुटलं. कुणालाही फुटलं असतं. पण लगेच ती धावत आली, आपला एवढासा हात पुढे केला आणि म्हणाली, "मास्तर, लागलं का? उठा." त्यांनी तो हात धरला आणि ते उठले.

मागोमाग बाकीची मुलं आली, दोन-तीन आया आल्या. "अरे, खुर्ची कुणी मोडली?" कुणीतरी विचारलं.

मास्तरांनी सदरा झटकला. माझ्याकडे पाहिलं, दारातल्या लोकांकडे पाहिलं. आणि म्हणाले, "हिनेच. झोके घेत होती. कितीदा सांगितलं, ऐकेल तर शपथ."

मित्रांनो, मला तोंड नाही. असतं, तर त्या दिवशी ते प्रार्थनाघर दणाणलं असतं. एकोणचाळीस वर्षं या माणसाचं ओझं मी वाहिलं! मुलगी म्हणाली, "मी नाही मोडली." तेव्हा मास्तर म्हणाले, "केलं ते केलं, वर खोटं बोलू नये." आणि त्यांनी सगळ्या वर्गाला उभं करून खोटं न बोलण्याची आज्ञा म्हणायला लावली. स्वतःही म्हटली. एक शब्द चुकला नाही.

तिची आई लाजेने लाल झाली होती. तिने मुलीचं मनगट घट्ट धरलं. "माफी माग आधी. मोठ्यांशी उलटं बोलतेस?" मुलीने आईकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. मास्तर शिक्क्याची डबी उघडत होते. मग तिने हळूच "सॉरी, मास्तर" म्हटलं. त्यानंतर ती माझ्यापाशी आली, माझ्या पाठीला हात लावून म्हणाली, "सॉरी, खुर्ची." माझी माफी मागितली तिने, मी सगळं बघितलेलं असताना. तिला त्या दिवशी तारा मिळाला नाही.

पुढच्या रविवारी ती आली नाही. पोटात दुखतंय, असा निरोप होता. त्याच्या पुढच्या रविवारीही पोटातच दुखत होतं.

दरम्यान पाळकसाहेबांनी मला सुतारकाकांच्या घरी पोचवलं. काका आता अठ्ठ्याहत्तरचे झाले होते. खिडकीशी एका खाटेवर बसून असायचे. हात थरथरायचे, पण डोळे तेच. त्यांनी मला मांडीवर आडवं घेतलं आणि चिरेवरून अंगठा फिरवला. "कुणी मोडली?"

"शिवणाऱ्या ताईंची मुलगी. झोके घेताना."

"असं," काका म्हणाले. त्यांनी चीर खिडकीच्या उजेडाकडे धरली. मग म्हणाले, "मास्तरला निरोप द्या. पाय धरायला माणूस हवा."

गुरुवारी पोस्ट सुटल्यावर मास्तर आले. तीन महिन्यांत पहिल्यांदा. हातात मुलांनी केलेलं कार्ड होतं, तेवढाच काय तो आधार. काकांनी कार्ड उशाशी ठेवलं आणि सुनेला लाकूड चिकटवायचा सरस गरम करायला सांगितलं. लाकूड दाबून धरायचा शिकंजा समोरच भिंतीला टांगलेला होता. मी तो पाहिला. मास्तरांनीही पाहिला असणार, पण काही बोलले नाहीत.

काकांनी सुनेकडून चिरेत सरस भरून घेतला. "धर पाय. घट्ट. सुकेपर्यंत सोडायचा नाही."

मास्तर जमिनीवर बसले आणि दोन्ही हातांनी माझा पाय धरला. काका खाटेवरून बोलत राहिले, हवापाण्याच्या गोष्टी बोलावं तसं. "सहा वर्षांचं पोर असेल किती, वीस किलोचं. ते झुललं की खुर्चीचे सांधे ढिले होतात. पाय असा उभा चिरत नाही. उभी चीर पडायला वरून मोठा भार यावा लागतो. मीच केलेली खुर्ची आहे, मला तिची ताकद ठाऊक."

मास्तरांचे हात माझ्या पायावर घामाने ओले झाले. ते घाईघाईने एक वचन म्हणू लागले, पापाच्या क्षमेविषयीचं.

"ते मलाही पाठ आहे," काका म्हणाले. "पाय ढिला सोडू नकोस."

मग मास्तर रडले. मोठा माणूस रडतो तसे नाही. नाक ओढत, खांदे उडवत, पहिल्या दिवशी शाळेत सोडलेलं पोर रडतं तसे. "काका, चुकलं माझं. मीच मोडली."

"मला सांगून काय उपयोग? माझं तू काय मोडलंस? खुर्ची तर जुळतेच आहे."

"तिच्या घरी जाऊन सांगतो. तिच्या आईला एकटीला गाठून."

"खोटं एकट्यात बोललास का?"

मास्तरांनी पायावरची पकड पुन्हा आवळली. मग म्हणाले, "चाळीस वर्षांत मिळवलेलं नाव जाईल, काका."

"जाईल," काका म्हणाले. "पोरीचं तर गेलंच आहे. ती मंडळीत यायची थांबली. उद्या प्रभूचं नाव काढलं की तिला तुझं तोंड आठवेल. तुझं नाव मोठं की ते?" मग ते जरा हळू बोलले. "अरे, वचनं तुझ्याइतकी मला येत नाहीत. पण ती तोंडात धरून ठेवायची नसतात. गिळायची असतात. पोटात गेली की दुखतं कधीकधी. पण अंगी लागतात."

सरस सुकेपर्यंत मास्तर पाय धरून बसले. आणि मी? पाय त्यांच्या हातात होता, तरी मला त्यांची दया आली नाही. माझ्या मनात आलं, हा माणूस परत आला तेव्हा मी नाचले होते. त्याने मला फसवलं हे खरं, पण त्याचं खाली राहणं मी इतकी वर्षं प्रेम म्हणून खपवलं. बाकीची मुलं मला सोडून गेली, म्हणून मी त्यांना कृतघ्न म्हणत होते. दगा त्यांनी दिला नव्हता. ती फक्त वाढली होती.

शुक्रवारी मास्तर शिवणाऱ्या ताईंच्या घरी गेले, असं मागाहून कळलं. रविवारी मला वर्गात परत आणलं, तेव्हा मुलगी आईचा पदर धरून दाराशी उभी होती. मुलं होती, आया होत्या, पाळकसाहेब होते. मास्तर बसले नाहीत. उभेच राहिले.

"ही खुर्ची मी मोडली," ते म्हणाले. "माझ्या वजनाने मोडली. मी पडलो. हिने मला हात देऊन उठवलं, आणि मी हिचं नाव सांगितलं. खोटं मी बोललो. हिने नाही."

एका आईने आपल्या मुलाचा खांदा धरला. मुलीने पदर सोडला आणि ती पुढे आली. "मग त्या दिवशी मी माफी कशाची मागितली?"

इतकी वचनं पाठ असलेल्या माणसाने एकही वचन म्हटलं नाही. तो मुलीच्या उंचीला येईपर्यंत खाली वाकला, जमिनीवर गुडघे टेकले. "माझी चूक होती. तू मागत होतीस आणि मी बघत राहिलो. मला माफ कर, बाळ."

तिने त्यांच्या टेकलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "आज नाही. पुढच्या रविवारी सांगते."

तिच्या आईने "अगं!" म्हणून तोंडावर हात ठेवला. मास्तरांनी मान हलवली. "चालेल. मी वाट बघेन."

पुढच्या रविवारी खालच्या वर्गात नवी बाई होती. मास्तर वर, मोठ्यांच्या अभ्यासाला, शेवटच्या बाकावर बसले होते, नव्याने शाळेत घातलेल्या मुलासारखे. तिथे कुणी त्यांना पहिला प्रश्न विचारला, तेव्हा म्हणे ते म्हणाले, "मला माहीत नाही. पण या आठवड्यात मी सुतारकाकांच्या पायांना तेल लावलं." झोकेबाई जिना चढून त्यांच्यापाशी गेली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "केलं माफ. पण थोडा राग आहे अजून."

"असू दे," मास्तर म्हणाले. "मी पुढच्या रविवारीही इथेच असेन."

ते आता खाली येत नाहीत. येऊ नयेत, असं मलाच वाटतं, आणि तरीही रविवारी जिन्यावर जड पावलं वाजली की माझं लक्ष तिकडे जातं. सहा वर्षांच्या मुलीने आठवड्याभरात माफ केलं, ते मला अजून जमलेलं नाही.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. मला ओल्या फडक्याने पुसू नका, सांधा सुटतो. मला उन्हात टाकू नका. आणि मनाने माझ्यावर बसून राहू नका. वचन पाठ करा, जरूर करा. पण ते पाठ झालं म्हणून आपण मोठे झालो, असं समजू नका. कुणाची माफी मागायची राहिली असेल तर आज मागा. कुणाच्या खाटेशी नुसतं बसायचं असेल तर आज जाऊन बसा. प्रभूच्या मागे चालणाऱ्याने कालच्यापेक्षा आज थोडं त्याच्यासारखं व्हायचं असतं. माझ्या रागाचं म्हणाल, तर मी कापलेलं लाकूड आहे. ज्या दिवशी करवत लागली, त्या दिवशी माझी वाढ थांबली. तुम्हाला ही सबब नाही.